नववीनंतरचे ४४ दिवस

(दृश्य : सकाळचे पावणेसात. ठाण्याचा गोखले रोड. दुकानांची शटर खाली. पाठीवर सॅक घेतलेल्या मुलामुलींचे घोळके.)

निवेदन :
मे महिन्यातली एक सकाळ. शाळेला सुट्टी लागलीय. तरी ही मुलं सहाला उठलीत, कारण सातला बॅच आहे. व्हेकेशन बॅच. सुट्टी आणि क्लास हे दोन शब्द पहिल्यांदा कुणी एकत्र बांधले माहीत नाही. पण नववी संपलेलं मूल ज्या घरात आहे, तिथे ते आता ‘चहा-बिस्किट’ म्हणावं इतक्या सहज म्हटले जातात.

राज्य मंडळाच्या शाळांचा हिशेब साधा. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे निकाल, २ मेपासून सुट्टी आणि १५ जूनच्या सुमारास पुन्हा घंटा. मधले दिवस मोजले तर ४४ भरतात. एप्रिलअखेरीस आम्ही कॅमेरा घेऊन निघालो, तेव्हा दहावीत जाणाऱ्या मुलांना एवढंच विचारत होतो : या ४४ दिवसांचं काय करणार?

उत्तर देण्याआधी बहुतेकांनी आईकडे पाहिलं.

(दृश्य : घोडबंदर रोडवरचं एक संकुल. बाराव्या मजल्यावरची खोली. कपाटाच्या दारावर चिकटवलेला कागद.)

निवेदन :
हे वेळापत्रक पाच रंगांत आहे. निळं गणित, हिरवं विज्ञान, लाल भाषा, जांभळा इतिहास-भूगोल, आणि पिवळी ‘रिव्हिजन’. बनवायला दोन दिवस लागले, असं ते बनवणाऱ्या मुलीनेच हसत सांगितलं. ते दोन दिवस वेळापत्रकात धरलेले नाहीत.

(दृश्य : कागदावरून सावकाश सरकणारा कॅमेरा.)

या कागदावर झोप नाही, खेळ नाही, नुसतं गॅलरीत उभं राहणंही नाही. मुलगी मात्र हे सगळं करते, फक्त चोरून. आंघोळीला लागणारी पंचेचाळीस मिनिटं, पाणी प्यायला उठल्यावर पाहिलेल्या आयपीएलच्या दोन ओव्हर, पुस्तकाच्या आत उघडा असलेला फोन. तीन आठवडे तिच्या घरी जाऊन-येऊन माझं मत असं झालंय, की ती अभ्यासही पुरता करत नाही आणि आरामही. दोन्हीच्या मध्ये कुठेतरी बसलेली असते.

समोरच्या फ्लॅटमध्ये तिची मैत्रीण राहते. ती सीबीएसईची. तिची दहावी एप्रिलमध्येच सुरू झाली, दोन धडे झाले आणि मग सुट्टी लागली. एकाच वयाच्या, एकाच मजल्यावरच्या, पण एक दहावीत आहे आणि दुसरी अजून जायचीय. लिफ्टमध्ये भेटल्या की एकमेकींना विचारतात, ‘तुमचं कुठपर्यंत आलं?’

(दृश्य : क्लासमधला फळा. त्यावर दोन त्रिकोण, एक मोठा, एक छोटा.)

निवेदन :
बॅचमध्ये कुठपर्यंत आलंय ते ठाण्यातला कुठलाही नववी पास मुलगा डोळे मिटून सांगेल. गणित भाग एक : दोन चलांतील रेषीय समीकरणे. भाग दोन : समरूपता. विज्ञान : गुरुत्वाकर्षण. बालभारतीच्या पुस्तकातले हे पहिले धडे, मे महिन्यात एकदा होतात. जूनमध्ये शाळेत बाई तोच त्रिकोण फळ्यावर काढतात, तेव्हा निम्म्या वर्गाला तो पाठ असतो आणि निम्मा वर्ग तो पहिल्यांदा बघत असतो. बाईंनी शिकवायचं कुणासाठी? व्हेकेशन बॅचवर माझा राग असेल, तर तो मुलांच्या झोपेसाठी नाही; या अर्ध्या-अर्ध्या वर्गासाठी आहे.

पालकांचं म्हणणं असं, की दीड महिना पुस्तक बंद राहिलं तर पोरं सगळं विसरतात. म्हणणं अगदीच खोटं नाही. जर्मनीच्या हर्मन एबिंगहाऊस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, आपण किती विसरतो हे मोजलं आणि १८८५ साली ते छापलं. सुरुवातीला भराभर विसरतो, नंतर वेग मंदावतो. पण त्यांच्याच प्रयोगांतून हेही निघालं, की एका दमात घोकण्यापेक्षा मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. अंतर ठेवून, म्हणजे मध्ये पुस्तक मिटून.

(दृश्य : ठाणे स्टेशन. मांडवी एक्स्प्रेस फलाटावर. खिडकीतून आत जाणारी पिशवी, पाण्याचा कॅन, एक पंखा.)

निवेदन :
गावाला जायचं की नाही, हे मे महिन्यात ठरत नाही. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी हीच मुदत १२० दिवस होती. मेच्या पहिल्या आठवड्यात कणकवलीला जायचं, तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळी आठच्या ठोक्याला मोबाईल हातात हवा. जरा उशीर झाला की वेटिंग. नववीची परीक्षा तेव्हा व्हायची असते आणि बॅचच्या तारखाही आलेल्या नसतात. आम्ही भेटलो त्यातल्या एका घरात वडिलांनी मार्चमध्ये चारऐवजी तीन तिकिटं काढली. चौथा, म्हणजे दहावीत जाणारा मुलगा, आत्याकडे राहणार, नौपाड्यात. मी त्याला विचारलं, वाईट वाटतं का? तो म्हणाला, ‘नाही. म्हणजे, आजीला वाटतंय.’ पुढे त्याने गप्पांचा विषय बदलला आणि आम्हीही बदलू दिला.

खोपटहून रात्रीच्या एसटीने चार दिवस तरी जाऊन ये, असं आत्या सुचवतेय. बघू.

(दृश्य : मासुंदा तलाव, संध्याकाळ. कठड्यावर बसलेली मुलं. मागे कौपिनेश्वराचं शिखर.)

निवेदन :
तलावपाळीवर मोठमोठ्याने हसणारा हा घोळका नुकतीच दहावी दिलेल्यांचा आहे. ठाण्यातली खरी सुट्टी यांचीच. निकाल लागेपर्यंत यांना कुणी काही विचारत नाही. २०२५ मध्ये तो १३ मेलाच लागला आणि मग अकरावीचे ऑनलाइन अर्ज सुरू झाले. त्याआधीच्या वर्षी २७ मे उजाडला होता. चौदा दिवस जास्तीचे. यांच्याबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही, मजेत आहेत.

(दृश्य : लोकमान्य नगर. चिंचोळी गल्ली. एका घराच्या दारात ओळीने मांडलेले स्टीलचे डबे.)

निवेदन :
इथे आम्ही जरा जास्त थांबलो.

या घरातली मुलगीही आता दहावीत जाणार. पहाटे पाचला हिची आई पोळ्या लाटायला घेते. बावीस डबे. भाजी भरणं आणि झाकणं लावणं हिच्याकडे. वडील रात्रपाळीची रिक्षा लावून आलेले असतात, त्यामुळे दिवसभर घरात दिवा लावायचा नाही आणि बोलायचं ते हळू. खोली एकच.

सुट्टीत काय करणार, यावर तिने एका शब्दात उत्तर दिलं : झोपणार. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्राविकार तज्ज्ञांची संघटना सांगते. या वयात शरीराचं घड्याळही पुढे सरकतं. रात्री अकरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. मोठी माणसं याला आळस म्हणतात. हिला आळशी म्हणायची सोयच नाही.

पण दुपारी ती झोपत नाही. साडेअकराला डबे गेले, की ती निघते.

(दृश्य : अभ्यासिका. लांब टेबलं, छताला सहा पंखे. सगळीकडे स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं.)

ही अभ्यासिका. इथे बहुतेक जण एमपीएससीवाले, पंचविशीतले. त्यांच्यात ही चौदा वर्षांची. समोर शेजारच्या ताईचं गेल्या वर्षीचं ‘कुमारभारती’, समासात त्या ताईच्या पेन्सिलीच्या खुणा. क्लास लावलेला नाही. पहिले आठ दिवस तिने अभ्यास केलाच नाही म्हणे, नुसती पंख्याखाली बसायची. कुणी हाक मारत नाही, हेच नवीन होतं. नवव्या दिवशी पुस्तक उघडलं. आता पाच वाजेपर्यंत वाचते आणि मध्ये कधीतरी टेबलावर डोकं टेकून वीस मिनिटं झोपतेही. पलीकडचा एक दादा तेवढ्या वेळापुरता तिचा फोन आपल्याकडे घेऊन ठेवतो, वाजू नये म्हणून.

मी तिला वेळापत्रक दाखव म्हणालो. तिने ते केलेलंच नव्हतं.

(दृश्य : चेंदणी कोळीवाडा. खाडीचा काठ. गाळात रुतलेली होडी. दूर ऐरोली पुलाची रेघ.)

निवेदन :
आता शेवटचा मुलगा. याचंही नाव सांगत नाही. या फिल्ममध्ये कुणाचंच सांगितलेलं नाही. सात ते दहा तो गोखले रोडच्या त्याच बॅचला जातो. उरलेल्या वेळात तो काय करतो, याला त्याच्या घरी ‘टाइमपास’ म्हणतात. तो आजोबांबरोबर खाडीवर येतो.

ठाणे खाडीचा दक्षिणेकडचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. पलीकडे ऐरोलीहून पक्षी दाखवायला बोटी सुटतात, त्याही भरती बघूनच. इथेही तेच. मासळी पूर्वीसारखी राहिली नाही आणि गाळ इतका साचलाय, की ओहोटीला होडी हलत नाही. पाणी चढेल तेव्हाच फिरायचं. म्हणून आधी पाण्याची वेळ काढायची.

मोबाईलवर ती मिळते. पण आजोबांना मोबाईल लागत नाही.

‘आज तिथी कंची?’
‘अष्टमी, आजोबा.’
‘मग आठाची पाऊणपट?’
‘सहा.’
‘सहाला भरती.’

(दृश्य : गाळावरून पुढे सरकणारी पाण्याची पातळ कड. घड्याळात सहाला दहा मिनिटं कमी.)

निवेदन :
किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ निघते, सकाळची आणि संध्याकाळचीही. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा किंवा अमावस्या झाली की पुन्हा पहिल्यापासून. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण होडी काढायला पुरतो.

पोराने हे क्लासच्या छापील वेळापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मांडलंय. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. दर ओळीत पाऊण तासाची भर. दहावीच्या गणितात याला अंकगणिती श्रेढी म्हणतात आणि त्या पाऊण तासाला साधारण फरक. भाग एकमधला तिसरा धडा. बॅच अजून पहिल्यावर आहे.

मी त्याला हे सांगितलं नाही. तो दुसऱ्याच कामात होता. बॅच सातला भरते आणि दहाला सुटते. सकाळची भरती रोज पुढे जाते, बॅच जात नाही. नवमीला पावणेसात. दशमीला साडेसात, गेली. एकादशी सव्वाआठ, गेली. द्वादशी, त्रयोदशी, दोन्ही गेल्या. चतुर्दशीला साडेदहा.

चतुर्दशीवर त्याने पेनाने गोल केला आणि आजोबांना विचारलं, गोखले रोडहून इथपर्यंत सायकलने वीस मिनिटांत येता येईल ना?

(दृश्य : होडीचा तळ गाळातून सुटतो. पाण्याचा आवाज. संगीत नाही.)