रूट कॅनाल करताना परत परत मोजमाप कशासाठी?

"डॉक्टर, परत फोटो कित्याक काढतास?" वेंगुर्ल्यात रूट कॅनालला बसलेला पेशंट हे विचारतोच. प्रश्न रास्त आहे, पैसे त्याच्या खिशातून जातात. पण तोंडात रबराचा पडदा लावलेल्या माणसाला सविस्तर उत्तर कसं देणार? म्हणून ते आज देतो.

नस काढायची, दाताच्या मुळातली नळी साफ करायची आणि भरायची. अवघड प्रश्न एकच, थांबायचं कुठे? मुळाच्या टोकाशी, असं कोणालाही वाटेल. पण नळी खाली जाताना निमुळती होते, एका जागी सगळ्यात अरुंद होते आणि तिथून पुढे नरसाळ्यासारखी पसरून बाहेर उघडते. थांबायचं त्या अरुंद जागी. कटलर या दंतसंशोधकांनी १९५५ मध्ये मुळांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. अरुंद जागेपासून बाहेरच्या तोंडापर्यंतचं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरलं, उतारवयात थोडं जास्त. शिवाय ते तोंड बहुतेक वेळा मुळाच्या अगदी टोकाला नसतं, बाजूला सरकलेलं असतं.

फोटोची अडचण इथेच आहे. एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. नळीचं तोंड गालाच्या बाजूला उघडत असेल तर फाइल, म्हणजे नळी घासायची बारीक सुई, हाडात शिरलेली असते आणि फोटोत मात्र मुळाच्या आत दिसते. वरच्या दाढांवर तर गालाच्या हाडाचीही सावली पडते.

म्हणून एपेक्स लोकेटर, म्हणजे विजेच्या मदतीने मुळाचं टोक शोधणारं यंत्र. एक तार ओठाला अडकवायची, दुसरी फाइलला. जपानमध्ये सुझुकी यांनी १९४२ मध्ये कुत्र्यांच्या दातांवर विजेचे प्रयोग केले. पुढे १९६२ मध्ये सुनादा यांनी दाखवलं, की फाइल मुळाच्या टोकाशी पोचली की विजेचा विरोध साधारण साडेसहा किलो-ओहम भरतो, मग दात कोणताही असो. म्हणजे हे यंत्र लांबी मोजतच नाही, फक्त 'पोचलात' एवढं सांगतं. यंत्राच्या पडद्यावरचा ०.५ म्हणजे अर्धा मिलिमीटर नव्हे, हे आमच्यातलेही काही विसरतात. मी शून्याच्या खुणेपर्यंत जातो आणि तिथून अर्धा मिलिमीटर मागे येतो.

लांबी मोजायची ती साध्या पट्टीवर. फाइलवरचा रबरी स्टॉपर दाढेच्या ठरलेल्या उंचवट्यावर आडवा, नीट टेकवायचा. तिरका बसला की आकडा चुकला. कार्डावर नुसतं '२०.५' लिहून भागत नाही, कोणत्या उंचवट्यापासून तेही लिहावं लागतं. पुढच्या खेपेला तो उंचवटा घासून कमी केला असेल, तर जुना आकडा रद्द.

यंत्रही फसतं. फाइल जुन्या चांदीच्या फिलिंगला टेकली, लाळ किंवा रक्त साचलं, मुळाला भोक पडलेलं असलं, की ते वेळेआधीच 'पोचलात' म्हणतं. लहान मुलांच्या अर्धवट वाढलेल्या मुळांतही त्याचा भरवसा नाही. त्यामुळे फाइल आत ठेवून फोटो काढावाच लागतो. कमी पडलो तर घाण आत राहते. जास्त गेलो तर दुखणं वाढतं, आणि नळी धुण्याचं जंतुनाशक, हायपोक्लोराइट, मुळाबाहेर गेलं तर गाल बघता बघता सुजतो.

वाकड्या नळीत आणखी एक भानगड. घासता घासता वाट सरळ होते, म्हणून लांबी थोडी घटते. मग मधेच पुन्हा मोजायचं. त्याला सहसा फोटो लागत नाही, यंत्रावर भागतं. तेवढे पैसे तुमचे वाचतात.