नवापूर स्टेशनवरची पाचवी भाषा

बठ्ठासले सलाम! प्रभू येशूच्या नावानं, आमच्या नवापूरच्या घराच्या ओट्यावरून.

आमचं रेल्वे स्टेशन तुम्ही कुठल्या ना कुठल्या व्हिडिओत पाहिलंच असेल. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. मधल्या बाकावर दोघं बसले तर एक या राज्यात, दुसरा त्या राज्यात. गाडी आली की चार भाषांत घोषणा होते: हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती. आणि त्याच फलाटावर टोपली पुढ्यात घेऊन बसलेल्या बाया आपसात बोलत असतात त्या मावचीत, म्हणजे आमच्या इथल्या आदिवासींच्या भाषेत. ती पाचवी. तिच्यात घोषणा होत नाही.

या फलाटावरून मी शाळेत असल्यापासून ये-जा करतोय. मला ही गोष्ट कधी टोचली नाही. टोचली ती कोरियात.

2024 च्या सप्टेंबरमध्ये, 22 ते 28 तारखेला, इंचॉन शहरातल्या सोंगडोमध्ये लोझान चळवळीची, म्हणजे सुवार्ता (येशूचा संदेश) जगभर पोचवू पाहणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या चळवळीची, चौथी जागतिक परिषद झाली. तिथं जायची संधी मला मिळाली. आल्यापासून आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक विचारतायत, "भाऊ, तिथं असतं तरी काय?" म्हणून हा व्हिडिओ.

लोझान हे स्वित्झर्लंडमधलं शहर. 1974 च्या जुलैत अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहम यांच्या पुढाकारानं तिथं जगभरातले सुवार्तिक, पाळक, अभ्यासक जमले. दीडशेच्या आसपास देश. त्यातून चळवळ उभी राहिली. मग 1989 ला मनिला, 2010 ला केप टाऊन, आणि आता हे. चार परिषदा, पन्नास वर्षं. ही काही आपल्या पंडालातली संजीवन सभा नसते की सतरंजी टाकली आणि जो येईल तो बसला. तिथं बोलावणं यावं लागतं.

पहिल्या परिषदेतली एक गोष्ट मला तुम्हाला नीट सांगायचीय. तोपर्यंत साधारण असं धरलं जायचं की ज्या देशात मंडळी उभी राहिली, तिथलं काम मार्गी लागलं. राल्फ विंटर नावाच्या अमेरिकन मिशन-अभ्यासकानं तिथं मांडलं की नकाशावरचे देश बघून चालणार नाही. एकाच देशात, अगदी शेजारी राहूनही, भाषा आणि समाज वेगळा असेल तर सुवार्ता तिथवर आपोआप पोचत नाही. शेजाऱ्याकडं जायलाही कुणाला तरी उंबरा ओलांडावा लागतो.

आता हे खान्देशात लावून बघा. अमळनेरचा शेतकरी घरात अहिराणी बोलतो. शहाद्याकडचा गुजर गुजरी बोलतो. धडगावच्या डोंगरात पावरी, इकडं नवापूरला मावची. नंदुरबारच्या बाजारात हे सगळे एकमेकांकडून मिरची घेतात, भाव करतात, मराठीत. आणि आम्ही? आम्ही या सगळ्यांसाठी एकच उपासना ठेवली, पुस्तकी मराठीत, आणि म्हणालो, या.

(हेडफोन कॅमेऱ्यासमोर धरून) तिथं कानाला असाच हेडफोन असायचा, भाषांतर ऐकायला. भलं मोठं सभागृह, पण बसायचं टेबलाटेबलानं, छोट्या गटात. स्टेजवरून बायबलचा भाग उलगडला की आपल्या टेबलावर त्याची चर्चा. त्या आठवड्यात पुस्तक होतं प्रेषितांची कृत्ये. दुसरा अध्याय आपल्याला तोंडपाठ असतो: पवित्र आत्मा उतरतो आणि जमलेला प्रत्येक जण म्हणतो, अरे, हे तर माझ्या जन्मभाषेत ऐकू येतंय!

आमच्या टेबलावर आफ्रिकेतल्या एक ताई होत्या, वयानं माझ्या आईएवढ्या. मी आमच्या कामाबद्दल सांगत होतो: किती गावं, किती घरं, किती बाप्तिस्मे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझी आजी कोणत्या भाषेत प्रार्थना करते?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण आजी मोठ्यानं प्रार्थना करतच नाही. तीस-चाळीस वर्षं ती मागच्या बाजूला भिंतीला टेकून बसते, आम्ही "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणतो तेव्हा ओठ हलवते, आणि शेवटी आमेन म्हणते. मी समजायचो, आजी लाजते.

त्या रात्री मी 1974 च्या पहिल्या परिषदेतून निघालेला लोझान करारनामा पुन्हा वाचला. पंधरा कलमं आहेत, इंग्लंडचे पाळक जॉन स्टॉट यांच्या देखरेखीखाली घडवलेली. बाराव्या कलमात या लोकांनी स्वतःची कबुली दिलीय: ऐकणाऱ्यांवर आम्ही दडपण आणलं, आकड्यांच्या मागं लागलो, कधी आकडे सांगताना अप्रामाणिकही झालो. जगासमोर असं लिहून द्यायला मन मोठं लागतं. आणि हे आपल्या भागात ठणकावून सांगायला हवं, मी सांगतोच: आमिष दाखवून, भीती घालून होतं ते सुवार्तेचं काम नव्हे. ज्याला ऐकायचं नाही त्याच्या दारात उभं राहायचं नाही. माझ्या डायरीतले आकडे खोटे नव्हते. पण आजी त्यात एक आकडा होती, एवढं मला त्या रात्री दिसलं.

आणखी एक नाव लक्षात ठेवा: व्ही. एस. अझरया. आपला तमिळ माणूस, पुढं 1912 ला तेलुगू मुलखातल्या दोर्नकलचा बिशप झाला. अँग्लिकन मंडळीचा पहिला भारतीय बिशप. 1910 ला एडिंबरोला अशीच जागतिक मिशन परिषद भरली होती, बाराशेच्या आसपास प्रतिनिधी, त्यात आशियातले जेमतेम वीस. तिथं अझरया गोऱ्या मिशनऱ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले की तुम्ही गरिबांना अन्न दिलंत, जीवही दिलेत. आता प्रेम द्या, आम्हाला मित्र द्या. आपण हे नेहमी गोऱ्यांना सुनावलेलं म्हणून सांगतो. मला ते मराठी शिकलेल्या आमच्यासारख्यांना उद्देशून ऐकू आलं. आजीला मी बायबल दिलं, चष्मा करून दिला, रविवारी गाडीवरून आणलं-सोडलं. तिच्या शेजारी तिच्या भाषेत बोलत बसलो कधी?

घरी परतल्यावर पहिल्या बुधवारी आमच्याच ओट्यावर प्रार्थना ठेवली. पाळकसाहेबांना आधीच सांगितलं होतं, आज मराठी नको. माझी मावची मोडकी आहे, आश्रमशाळेत गेली ती गेलीच. मी दोन वाक्यं बोललो आणि अडकलो. आजी हसली, माझा शब्द तिनं नीट करून दिला, आणि मग थांबलीच नाही. पावसाबद्दल बोलली, मेलेल्या बैलाबद्दल, सुरतेला ऊसतोडीला गेलेल्या माझ्या काकाबद्दल, त्याच्या पोरांची एकेक नावं घेऊन. देवाशी ती भांडलीसुद्धा. चुलीवरची भाकर करपली, कुणी उठलं नाही.

पुढच्या बुधवारी तिच्या वयाच्या आणखी तिघी आल्या. टोपल्या बाहेर ओट्याखाली ठेवून.