वरून उघडणारा किल्ला

नमस्कार, श्रोतेहो. खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटा एकमेकींवर दाबून किल्ला करणं कुणालाही जमतं. चार भिंती, चार बुरूज, मधे दरवाजा, वर झेंडा. आपला आजचा विषय त्याच्या एक पायरी पुढचा आहे. अद्भुत जगातला, कुठल्याही तयार खोक्यात न मिळणारा किल्ला स्वतः रचायचा. आणि तोही असा, की त्याचा संच करून दुसऱ्याच्या हाती दिला तर त्यालाही बांधता यावा. बोलण्यात आकडे बरेच येतील, तेव्हा कागद-पेन्सिल जवळ असेल तर बरं.

अद्भुत म्हटलं की हात सैल सुटतो. ड्रॅगन हवा, स्फटिक हवेत, तरंगते खडक हवेत, बोलणारं झाड हवं. सगळं एकाच पायावर येऊन बसतं आणि किल्ल्याचा बाजार होतो. म्हणून अशक्य गोष्ट एकच निवडावी, आणि बाकीच्या किल्ल्याने तिचे परिणाम निमूट सोसावेत. उदाहरणादाखल आज एकच किल्ला घेऊ: इथे राहणाऱ्यांना पंख आहेत. बस्स, एवढंच. आता यातून काय काय आपोआप ठरतं बघा. महादरवाजा जमिनीवर कशाला? तो बुरुजाच्या माथ्याशी. समोर उतरायला एक सज्जा, आणि रात्री तो सज्जाच वर उचलला की दरवाजा बंद. जिने नाहीत. खंदक खणून उपयोग नाही. जमिनीलगत फक्त एक बुटका दिंडी दरवाजा, बिनपंखांच्या पाहुण्यांपुरता. शत्रूही उडतच येणार, तेव्हा चर्या (तटाच्या माथ्यावरचे कंगोरे) आणि जंग्या (मारा करायची भोकं) तटावर मांडून भागणार नाही. अणकुचीदार सुळके लागतील ते छपरांवर. नेहमीचा किल्ला खाली जड आणि वर हलका असतो. हा उलटा, खाली सडपातळ आणि वर रुंद. सगळी डोकेदुखी इथे आहे, आणि आपला बराच वेळ तिच्यावरच जाणार आहे.

आधी मापं. लेगोच्या विटेवरच्या गोल बटणांना स्टड म्हणतात. एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंत अंतर ८ मिलीमीटर. विटेची उंची ९.६ मिलीमीटर. प्लेट म्हणजे चपटी वीट, ती ३.२ मिलीमीटर; म्हणजे तीन प्लेटी एका विटेबरोबर. विटेचं तोंड आडवं केलं की रुंदी आणि उंची जुळत नाहीत, आणि नवशिक्याचा आराखडा हमखास इथेच फसतो. जुळणी होते ती पाच प्लेटींवर: पाच प्लेटी १६ मिलीमीटर, दोन स्टडही १६ मिलीमीटर. तसंच पाच विटांची उंची म्हणजे सहा स्टड, दोन्ही ४८ मिलीमीटर. या दोन जोड्या पाठ करून ठेवा, पुढे यंत्र बसवताना लागणार आहेत.

माणसाची छोटी आकृती साधारण चार विटा उंच असते. सहा विटांचा दरवाजा तिला पुरतो. पण पंख लावले की गणित उंचीचं राहत नाही, रुंदीचं होतं. आकृती स्वतः दोन स्टडवर उभी राहते. पसरलेल्या पंखांची रुंदी मोजून तिच्या दोन्ही बाजूंना किमान एकेक स्टड मोकळा सोडा. आपण वरच्या दरवाज्याला सहा स्टडची मोकळी जागा धरू.

आता बुरूज. बाहेरून ८ बाय ८ स्टड, भिंतीची जाडी एक स्टड. एका थरात २८ स्टडची भिंत होते. ती अशी लावा: समोरची आणि मागची बाजू पूर्ण आठची, प्रत्येकी दोन १ बाय ४ विटा. डावी-उजवी बाजू मधल्या सहाची, प्रत्येकी एक १ बाय ४ आणि एक १ बाय २. झाल्या थराला आठ विटा. वरच्या थरात बाजूंची अदलाबदल करायची: डावी-उजवी पूर्ण आठची, समोरची-मागची सहाची. यामुळे कोपरे एकमेकांत विणले जातात आणि कुठलाही उभा सांधा खालच्या सांध्यावर येत नाही. सांध्यावर सांधा आला की बुरूज हातात धरताच तिथे उभा चिरतो. डिंकाशिवायच्या बांधकामात भिंतीचा जोर फक्त या विणीत असतो.

सहा थर झाले की ८ बाय ८ची एक प्लेट आडवी टाका. ती जमीनही होते आणि चारही भिंतींना आवळूनही धरते. असे पाच मजले रचले तर तीस थर, २४० विटा, पाच प्लेटी, आणि उंची ३० सेंटीमीटरच्या थोडी वर. पाया मात्र फक्त साडेसहा सेंटीमीटरचा. असा बुरूज टेबलाला धक्का लागला की आडवा होणार. म्हणून सर्वांत खालच्या मजल्याचे पाच थर आतून भरीव करा. आतली पोकळी ६ बाय ६ची आहे. तिच्यात २ बाय ४च्या चार विटा भिंगरीसारख्या फिरवून लावल्या की बरोबर मधे २ बाय २ची जागा उरते, तिथे तेवढीच वीट. पाच थरांना वीस मोठ्या आणि पाच लहान विटा. दिंडी दरवाजा या भरीव मजल्याला मागे फक्त दोन स्टड खोल कोनाडा म्हणून कोरायचा. तेवढ्या भागातल्या विटा मात्र तोडूनमोडून पुन्हा मांडाव्या लागतील. आतला रंग कुणाला दिसत नाही, तेव्हा पडून असलेल्या गुलाबी, पोपटी विटा इथे खपवा. त्याचा आणखी एक फायदा आहे, तो शेवटी येईल.

बुरुजाखाली पातळ बेसप्लेट नको. ती उचलताना वाकते, आणि वाकली की वरच्या विटा टपाटप सुटतात. त्याऐवजी १६ बाय १६च्या चार प्लेटी जोडून ३२ बाय ३२चा पाया करा आणि त्यावर दुसरा थर असा टाका की खालच्या शिवणी वरच्या प्लेटींच्या पोटाखाली याव्यात. बुरुजाभोवती खडक रचा, पायथ्याशी तो १६ स्टड रुंद होऊ द्या. डोळ्यांना बुरूज सडपातळच दिसतो, पण वजन पेलायला रुंद पाऊल मिळतं. खडकाचे उतरते तुकडे एकाच दिशेने लावू नका, जिन्यासारखे दिसतात.

माथ्याला आपल्याला ८ बाय ८वरून १२ बाय १२ व्हायचंय. चारही बाजूंनी दोन-दोन स्टड बाहेर. उलट्या उताराच्या, म्हणजे खाली अरुंद आणि वर रुंद विटांचे दोन थर हे काम करतात, प्रत्येक थर एक स्टड बाहेर सरकतो. कोपऱ्यांसाठी उलट्या उताराची वेगळी कोपरा-वीट मिळते; ती नसेल तर कोपरा कापलेला ठेवा, तोही शोभून दिसतो. त्यावर जमीन घालताना ६ बाय १२च्या दोन प्लेटी शेजारी-शेजारी टाका आणि त्यांवर दोन काटकोनात. एकच थर टाकला तर मधली शिवण काही दिवसांत उघडते, कारण बाहेर आलेला भाग आपल्या वजनाने खाली ओढत राहतो.

आता या किल्ल्याचं मुख्य आकर्षण, वर उचलला जाणारा सज्जा. दोरी आणि गुंडाळीचा मार्ग सोपा वाटतो, पण दोरी सैल पडते, दोन बाजूंच्या दोऱ्या कमीजास्त गुंडाळल्या जातात आणि सज्जा तिरका उचलला जातो. इथे वर्मगिअर घ्यावा, म्हणजे मळसूत्रासारखं पेचाचं चाक. त्याचा गुण असा की हँडल फिरवून सज्जा हलतो, पण सज्जा दाबून हँडल फिरत नाही. हात काढाल तिथे तो थांबतो, वेगळी खिटी लागत नाही. वर्मगिअरसमोर २४ दातांचं चाक ठेवलं तर वर्मच्या एका फेरीला चाक एक दात सरकतं. सज्ज्याला पाव फेरीच हवी, म्हणजे हँडलच्या सहा फेऱ्या. हा वेग चांगला आहे. आठ दातांचं चाक लावलं तर दोनच फेऱ्यांत काम होतं, पण बघणाऱ्याला उघडण्याची मजा येत नाही आणि चाकावर ताणही जास्त येतो.

या दोघांच्या दांड्यांमधलं अंतर बरोबर दोन स्टड, म्हणजे १६ मिलीमीटर हवं. दांड्या एकाखाली एक ठेवायच्या असतील तर भोकाच्या दोन विटा एकमेकींवर ठेवून चालत नाही, अंतर ९.६च येतं. मधे दोन प्लेटी घाला: ९.६ अधिक ६.४, झाले १६. मघाची पाच प्लेटींची जोडी ती हीच. आणि तीन ठिकाणी नीट लक्ष द्या. वर्मगिअर आपल्या दांड्यावर मागेपुढे सरकतो, म्हणून दोन्ही बाजूंनी त्याला अडवायला हवं. नाहीतर हँडल फिरतं, वर्म सरकतो आणि सज्जा ढिम्म. दुसरं, सज्ज्याच्या मुळाशी दांडा ज्या विटेतून जातो तिचं भोक दांड्याच्याच आकाराचं, अधिकच्या चिन्हाचं हवं. गोल भोक असेल तर दांडा आतल्या आत फिरतो. आणि सज्ज्याचा दांडा दोन्ही टोकांना आधारलेला असू द्या, एका टोकावर लोंबता ठेवलात तर तो पिळवटतो.

सज्जा स्वतः आठ रुंद आणि सहा लांब पुरे. दरवाजाच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी एकेक स्टड झाकून बसतो. तो हलकाच करा, प्लेटींचे दोन थर, कठडा नको. उडणाऱ्यांना कठडा कशाला?

वरचा मजला उचलून आत बघता यावं असं बहुतेकांना वाटतं. मग खालच्या मजल्याच्या काठावर गुळगुळीत टाइल, म्हणजे वर स्टड नसलेली प्लेट, लावतात आणि चार कोपऱ्यांत एकेकच स्टड उघडा ठेवतात. साध्या किल्ल्यात हे छान चालतं. इथे हँडल फिरवताना पडणाऱ्या ताणाने अख्खा मजलाच सुटून वर येईल. यंत्राचा मजला पिनांनी घट्ट जखडा आणि छप्पर तेवढं उचलतं ठेवा.

रंगांचं थोडक्यात सांगायचं तर किल्ला राखाडीच हवा असं कुठे लिहिलेलं नाही. लेगोचा १९७८ सालचा ३७५ क्रमांकाचा किल्ला चक्क पिवळा होता. भिंतीला एक, छपराला एक आणि उठावाला एक असे तीन रंग घ्या. राखाडी घेणारच असाल तर जुन्या आणि नव्या विटा मिसळू नका. २००४च्या सुमारास लेगोने राखाडी छटा बदलली, जुनी पिवळसर आणि नवी निळसर दिसते. दगडी पोत दाखवणाऱ्या विटाही बेताने वापरा. दर पाच-सहा विटांत एक पुरते. त्याहून जास्त झाल्या की भिंतीला देवी आल्यासारख्या दिसतात.

आराखडा संगणकावर करण्यासाठी स्टुडिओ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्याआधीपासून, १९९५ साली जेम्स जेसिमन यांनी सुरू केलेली एलड्रॉ ही पद्धतही आहे. तिच्यात एक एकक ०.४ मिलीमीटरचं, म्हणून स्टडचं अंतर २०, वीट २४ आणि प्लेट ८ एककं. सगळे आकडे पूर्ण येतात. पण पडद्यावर वजन नसतं. तिथे हवेत लटकणारा मनोरा खुशाल उभा राहतो. तिथे जांभळी कमान दिसते, प्रत्यक्षात त्या रंगात ती कधी निघालेलीच नसते. आणि तिथे प्लेट दोन स्टडच्या मधल्या फटीत उभी खोचता येते, कारण फटही ३.२ आणि प्लेटही ३.२. हातात मात्र तो तुकडा ताणाखाली बसतो, कारण जुळणीला लागणारी तसूभर सैलाईच तिथे नाही. म्हणून बुरुजाचा एक मजला आणि सज्ज्याचं यंत्र एवढं तरी, मिळेल त्या रंगाच्या विटांत, आधी प्रत्यक्ष बांधून पाहाच.

राहिली मांडणीची पुस्तिका. एका पायरीत पाच ते दहा तुकडे. राखाडीवर राखाडी आलं की बांधणाऱ्याला स्टड मोजता येत नाहीत. आत लपवलेल्या गुलाबी-पोपटी विटा इथे खुणेचे दगड होतात, म्हणजे पोपटीच्या डावीकडे दुसरा असं डोळ्यांनाच कळतं. बोटं पोचणार नाहीत अशा कोपऱ्यातला तुकडा भिंत चढण्याआधीच्या पायरीत घ्या. मग पुस्तिका आणि सुटे तुकडे किल्ला कधीही न पाहिलेल्या माणसाला द्या आणि शेजारी गप्प बसा. तो जिथे पान मागे उलटतो, ती पायरी दोनांत तोडायची. वर्मगिअर बसवल्यानंतर लगेच एक वेगळी पायरी छापा: हँडल सहा वेळा फिरवा, सज्जा पूर्ण उभा राहायला हवा. ही पायरी राहिली तर वर्म सरकलाय हे छप्पर चढल्यावरच कळतं, आणि मग यंत्राचा मजला माथ्यापासून उसकटावा लागतो.