चार नगरसेवक आणि एक गडरलाइन

मंडळी, विषय दिलाय ‘महापालिकेतली बदलती पक्षीय गणितं’. गणितावर येतोच, आधी नागपुरातल्या आमच्या गल्लीतली गडरलाइन ऐका.

2017 चं सभागृह बसलं आणि पहिल्याच पावसाळ्यात ती तुंबली. चेंबरचं झाकण वर, पाणी अंगणात. आता प्रभागात नगरसेवक चार, जागा अ, ब, क, ड, आणि चौघंही एकाच पक्षाचे. म्हटलं, चंगळ आहे! ‘अ’वाल्यांकडे गेलो, तर त्यांचा माणूस पानठेल्यावरूनच म्हणाला, “काका, तुमची गल्ली ताईंकडे. आपसांत वाटून घेतलंय.” ताईंकडे गेलो, तर बोलले ताईंचे यजमान. (हशा) हसू नका, तुमच्याकडेही तेच आहे. म्हणाले, “करून देऊ हो, पण त्या पट्ट्यात आम्हाला मतंच नाही पडली.” ‘क’वाले लग्नाला गेलेले. ‘ड’वाले भले गृहस्थ, त्यांनी झोनच्या इंजिनिअरला फोन लावला. एकदाची गाडी आली, लाइन मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स, त्यावर चौघांचे फोटो!

पूर्वी वॉर्डाला एकच असायचा. सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर हमखास सापडायचा. पळणार कुठे? देवेंद्र फडणवीस 1992 साली इथे नगरसेवक झाले, 1997 ला महापौर, ते त्याच एका वॉर्डाच्या जमान्यात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळतो.

2002 ला तिघांचा प्रभाग, 2007 ला पुन्हा एकाचा वॉर्ड, 2012 ला दोघांचा, 2017 ला चौघांचा. तीन-एक-दोन-चार, हा काय एटीएमचा पिन आहे? मुंबईत ज्याचं सरकार, त्याच्या सोयीचा आकडा. आता निकाल बघा. 2012 ला 145 पैकी भाजप 62, काँग्रेस 41, बसप 12. सत्तेसाठी इतरांची मनधरणी. 2017 ला 151 पैकी भाजप 108, काँग्रेस 29, बसप 10, शिवसेना 2, राष्ट्रवादी 1. भाजपचं वारं होतं, केंद्रात-राज्यात तेच होते, आणि काँग्रेसवाले तर आपसांतच लढत होते. कबूल. पण मोठ्या प्रभागात अपक्षाचे पाय थकतात, पैसाही पुरत नाही. चारही बटणं दाबल्याशिवाय मतदान पुरं होत नाही, म्हणून माणूस नाव वाचत नाही, चिन्ह दाबून मोकळा होतो. बसपची वस्ती उत्तर नागपुरात सलग, ती तगली. ज्यांची मतं शहरभर विखुरलेली, ते बुडाले. म्हणजे पक्षाचं नशीब थोडं मतदार ठरवतो आणि थोडं कुंपण घालणारा.

मार्च 2022 ला मुदत संपली, ओबीसी आरक्षण न्यायालयात अडकलं, प्रशासक बसला. आघाडी सरकारने तिघांचा प्रभाग ठरवला होता, पुढच्या सरकारने परत चौघांचा केला, आणि जानेवारी 2026 चं मतदान त्यावरच झालं. मुंबई महापालिकेत मात्र 227 जागा आणि आजही एका वॉर्डाला एकच नगरसेवक. त्यांना एक पुरतो, आपल्याला चार कशाला?

थांबतो. दुसऱ्या रांगेत एक माजी नगरसेवक मघापासून हात वर करून बसलेत, माइक आधी त्यांना द्या.