गाडीचं वजन भरतानाच करा की

नमस्कार मंडळी. आज जरा ट्रकवर बोलायचंय. म्हणजे तुम्ही नाशिकच्या द्वारका चौकात सकाळी नऊ वाजता अडकून पडता आणि पुढे दहा चाकी गाडी हळूहळू सरकत असते, तेव्हा मनातल्या मनात तुम्ही ज्याच्यावर बोलता तेच, फक्त मी इथं जरा नीट भाषेत बोलणार, कारण रेडिओ आहे.

आमच्या दाजींची एक दहा चाकी होती. एकच. मागच्या कांदा सीझनला मी सहज म्हणून त्यांच्यासोबत पिंपळगावच्या बाजूला गेलो गाडी भरायला, आणि तिथं व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल भरायच्या मोकळ्या जागेत बसून जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही. गोण्या येतायत, हमाल फेकतायत, डाला भरत आला, दाजी म्हणाले बस आता, तर व्यापारी चहाचा कप हातात धरूनच म्हणतो, "शेठ, अजून शंभर टाकू, नाहीतर मागं दुसरी गाडी उभीच आहे." शंभर गोण्या म्हणजे पन्नास किलोच्या धरल्या तर पाच टन. दाजी काही बोलले नाहीत, नुसते टायरकडे बघत राहिले. कारण भाडं टनावर असतं ना, आणि ह्यांनी नाही म्हटलं तर मागच्याने हो म्हणायला दोन मिनिटं लागत नाहीत.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, थोडं आकड्यांचं आहे पण ऐका. 2018 साली केंद्राने ट्रकच्या वजनाची मर्यादा वाढवली, दहा चाकीला गाडी आणि माल मिळून 25 टन होतं ते 28.5 झालं. चार टायरच्या एका एक्सलला, म्हणजे दोन्ही बाजूची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, 10.2 टन होतं ते 11.5 झालं. एक्सलवरची वाढ किती, तेरा टक्क्यांच्याही आत. पण रस्ता काही टक्क्यांच्या हिशोबाने खराब होत नाही. अमेरिकेत इलिनॉयला 1958 ते 1960 मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावर रात्रंदिवस ट्रक फिरवले होते, त्यातून निघालं की रस्त्याचं नुकसान साधारण एक्सलच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे वजन दुप्पट तर नुकसान सोळा पट. त्याच हिशोबाने 10.2 चं 11.5 केलं की नुकसान दीडपटीच्याही वर जातं, आणि हे कायद्यात बसणारं वजन बरं का, वरच्या शंभर गोण्या अजून मोजल्याच नाहीत. त्यात पावसाळ्यात खालची माती भिजलेली, वरून ड्रेनेजसाठी खोदून कसाबसा बुजवलेला चर, मग त्यावरून खडीचा हायवा, म्हणजे मोठा डंपर गेला की काय होतं ते आमच्या गल्लीत येऊन बघा, मागचं चाक अर्ध आत गेलेलं आणि पोरं जमलेली फोटो काढायला. आणि आता 2027 च्या कुंभमेळ्याच्या कामांमुळे हे डंपर सगळीकडेच दिसणार.

दंड कमी आहे असं मात्र नाही. 1 सप्टेंबर 2019 पासून ओव्हरलोडला सरळ 20,000 आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. पाच टन जास्त असेल तर झाले 30,000, शिवाय जास्तीचा माल उतरवायचा खर्च वेगळा. वजनकाट्यावर जायला नकार दिला तर 40,000. माल बॉडीच्या बाहेर आला तरी 20,000, आणि हे कशासाठी ते नाशिकला वेगळं सांगायला नको, 2025 च्या जानेवारीत द्वारकाच्या फ्लायओव्हरवर सळयांच्या ट्रकला मागून टेम्पो धडकला होता, त्या रात्रीनंतर मी सळयांची गाडी दिसली की दोन गाड्यांचं अंतर सोडतो.

मग एवढा दंड असून गाड्या भरतातच कशा? माझं म्हणणं असं की आपण चुकीच्या जागी उभं राहून पकडतो. गाडी भरते खळ्यावर, क्रशरवर, गोडाऊनला, आणि आपण तिला पकडणार कुठं तर हायवेला. मोटार वाहन कायद्याचं कलम 114 वाचा, अधिकाऱ्याला संशय आला तर तो गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो, पण काटा पुढच्या रस्त्यापासून दहा किलोमीटरच्या आत, नाहीतर गाडी जिथं जायची तिथून वीस किलोमीटरच्या आत पाहिजे. आणि शहराच्या आत तर बघायलाच नको, रस्ता बांधणार महापालिका, वजन बघणार आरटीओ, नो एंट्रीचा टाइम ठरवणार पोलीस, तिघांची फाइल तीन ठिकाणी. नो एंट्रीचा बोर्ड लावला की ट्रक बाहेर थांबतो, वजन काही कमी होत नाही, फक्त रात्री तेवढंच वजन आत येतं.

खरं तर कायद्यात शब्द चांगला आहे, जो चालवतो तोच नाही, तर जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो तोही दोषी. ड्रायव्हर आणि मालक वेगळे असतील तर मालकाला माहीत होतं असं कोर्ट धरून चालू शकतं. पण चहा पिणारा तो व्यापारी? त्याचं नाव बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर असतं, चलनावर कधी आलेलं मी तरी पाहिलं नाही. मोठ्या मार्केटला काटा असतोच, मग गेटवरच भरलेल्या गाडीची काटा पावती आणि गाडीचं पासिंग, म्हणजे तिला मंजूर असलेलं वजन, शेजारी शेजारी लिहा, जास्त असेल तर गेट उघडू नका. तिथं शंभर गोण्या उतरवायला हमाल आहेत, जागा आहे, ताडपत्री आहे.

त्या दिवशी आमची गाडी पकडली गेली, कसाऱ्याच्या आधी. वजन केलं, चलन फाटलं, साहेब म्हणाले जास्तीचा माल उतरवा. दाजींनी विचारलं, "साहेब, कुठं उतरवू?" साहेबांनी रस्त्याकडेचा चिखल बघितला, आभाळ बघितलं, वाशीला कांदा पहाटे पोचायचा होता हे त्यांनाही माहीत. मग हाताने पुढे जा म्हणून खूण केली. दाजींनी पावती घडी करून काचेच्या वर खोचली, आणि आम्ही तेवढ्याच वजनाने घाट उतरलो, पहिल्या गिअरमध्ये.