गाण्याआधीचं वाक्य

नमस्कार, श्रोतेहो.

स्वतंत्र कलाकारांची नवी गाणी ऐकायची, त्यांतली काही कार्यक्रमात वाजवायची, काहींवर लिहायचं, हे काम मी बरीच वर्षं केलं. सुरुवातीला पाकिटं यायची. पाकिटात कॅसेट, पुढे सीडी, सोबत घडी घातलेला कागद. मग मेल यायला लागले. पाकीट गेलं, कागद गेला, पण एक वाक्य काही हललं नाही : 'हे गाणं म्हणजे आमच्या भावनांचा प्रवास आहे.' अहो, गाणं आणखी कशाचा प्रवास असणार? हे वाक्य इतक्यांदा वाचलंय, की पुढे पुढे ते दिसलं की माझा हात आपोआप पुढच्या मेलकडे जायचा. त्या मेलमधलं गाणं चांगलंही असेल. मी ते ऐकलंच नाही, हे आज कबूल करतो.

आज बोलायचंय ते याच वाक्याबद्दल. गाणं तयार झालं, अजून लोकांपुढे आलं नाही. अशा वेळी त्याच्याबद्दलचं पहिलं वाक्य कोण लिहितं आणि कसं लिहितं?

आधी गर्दी किती आहे ते सांगतो. ल्युमिनेट नावाची कंपनी कोणतं गाणं किती ऐकलं गेलं याची मोजदाद ठेवते. तिच्या हिशेबाप्रमाणे २०२३मध्ये रोज सरासरी एक लाखाहून जास्त नवे ट्रॅक स्ट्रीमिंगवर येत होते. रोज! वर्षअखेरीला एकूण १८ कोटी ४० लाखांच्या आसपास ट्रॅक होते आणि त्यांतल्या साडेचार कोटींहून अधिक ट्रॅकना वर्षभरात एकही श्रोता मिळाला नाही. एकही नाही, म्हणजे ज्याने ते चढवलं त्यानेसुद्धा पुन्हा वाजवून पाहिलं नाही. त्यात पावसाचा आवाज, पंख्याची घरघर असलं बरंच काही असेल, हे मान्य. पण मनापासून केलेली गाणीही त्याच ढिगात आहेत.

दुसऱ्या बाजूला, गाण्यांवर लिहिणाऱ्यांची जागा आक्रसत गेली. ब्रिटनमधलं 'एनएमई' हे संगीताचं साप्ताहिक १९५२ साली सुरू झालं. त्याची छापील आवृत्ती २०१८च्या मार्चमध्ये थांबली. अमेरिकेतलं 'पिचफोर्क' हे संगीत-परीक्षणांचं संकेतस्थळ एका तरुणाने १९९६च्या सुमारास घरातून सुरू केलं होतं. शून्य ते दहा गुण द्यायचे, तेही दशांश चिन्हासकट. २०१५मध्ये एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने ते विकत घेतलं आणि २०२४च्या जानेवारीत पुरुषांच्या फॅशनच्या मासिकाच्या पंखाखाली सरकवलं. बॅण्डकँपचं तसंच. स्वतंत्र कलाकारांना थेट विक्री करू देणारी ही जागा २००८पासूनची; तिथले संपादक अगदी अनोळखी कलाकारांवर मनापासून लिहायचे. दीड-दोन वर्षांत ती कंपनी दोनदा विकली गेली आणि २०२३मध्ये निम्म्या लोकांना घरी पाठवलं.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग आता छापून येण्यात काय राम आहे? मला वाटतं, आहे. फक्त तो पूर्वीसारखा नाही.

२००५मध्ये क्लॅप युअर हँड्स से येह नावाच्या एका बॅण्डने कुठल्याही कंपनीशिवाय आपला पहिला अल्बम काढला. पिचफोर्कने त्याला ९.० गुण दिले आणि बघता बघता प्रती संपल्या, पुन्हा छापाव्या लागल्या. एका परीक्षणाने माल उचलला जायचा असा तो काळ होता. आता परीक्षण आलं म्हणून ऐकणारे धावत येत नाहीत. मित्रमंडळी लिंकवर अंगठा दाखवतात आणि पुढे जातात. पण परीक्षणातून एक गोष्ट अजूनही मिळते, ती म्हणजे शब्द. तुमच्या गाण्याला काय म्हणायचं, हे लोकांना आपापलं सुचत नाही. महोत्सवाचा आयोजक, प्लेलिस्ट लावणारा, माझ्यासारखा रेडिओवाला, सगळे ते शब्द दुसऱ्याकडून उसने घेतात. कुणीतरी एकदा 'कुजबुजत गाणारी' लिहिलं, की पुढची दहा वर्षं ती गायिका कुजबुजतच राहते. मग तिने स्टेजवर आरडाओरडा केला तरी.

आणि आमच्या धंद्यातलं गुपित सांगू का? ते पहिले शब्द पुष्कळदा आमचेही नसतात. प्रेस नोटमधलं वाक्य उचलायचं, क्रियापद बदलायचं आणि छापायचं. आळस म्हणा, घाई म्हणा. म्हणजे स्वतःबद्दलची बातमी बऱ्याच अंशी कलाकारच लिहीत असतो. आणि ही संधी तो 'भावनांचा प्रवास' लिहून घालवतो!

मग काय लिहावं? यावर मला आजवर सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आहे. मँचेस्टरजवळच्या बझकॉक्स या बॅण्डने १९७७च्या जानेवारीत चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. ५०० पौंड उसने घेतले, सुरुवातीला १,००० प्रती छापल्या. पुढे ती १६,०००पर्यंत खपली म्हणतात. तिच्या मागच्या बाजूला त्यांनी काय छापलं? प्रत्येक गाणं कितव्या टेकला, म्हणजे कितव्या प्रयत्नाला, झालं आणि वरून काही वाजवून भरलं की नाही. बस्स. हे गाणं तिसऱ्या टेकला, हे पहिल्याच, यावर नंतर गिटार चढवली. कुठेही 'क्रांतिकारी' नाही, 'अनोखा' नाही. पण ते वाचणाऱ्या पोराला कळलं की हे एवढ्यात होतं, आपणही करू शकतो. विशेषण न वापरता केवढी मोठी गोष्ट सांगून टाकली!

विशेषणं हे आमचं, म्हणजे समीक्षकांचं भांडवल आहे. ती तुम्ही वापरून टाकलीत तर आम्ही काय लिहायचं? कलाकाराने नामं आणि क्रियापदं द्यावीत. कुठे ध्वनिमुद्रण केलं, कशावर, कुणी काय वाजवलं, काय जमलं नाही, मग त्याऐवजी काय केलं. काय जमलं नाही, हे तर जरूर सांगावं. मला आलेल्या हजारो पत्रांमधली जी आठवतात, त्या सगळ्यांत काहीतरी फसलेलं होतं.

वेळेबद्दल थोडं. २०१५च्या १० जुलैपासून जगभर नव्या संगीताचा वार शुक्रवार ठरला. त्याआधी देशोदेशीचे वार वेगळे असायचे. त्यामुळे आता शुक्रवारी सकाळी आमच्या मेलबॉक्समध्ये जत्रा भरते आणि बहुतेक स्वतंत्र कलाकार नेमका त्याच दिवशी, गाणं रिलीज झाल्यावर, पहिला मेल टाकतात. तोवर आमचा त्या आठवड्याचा मजकूर गेलेला असतो. छापील मासिक असेल तर दोन-तीन महिने आधी हालचाल करावी लागते. बाकी ठिकाणी तीन-चार आठवडे आधी. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट लावणाऱ्या संपादकांपुढे गाणं ठेवायचं तर ते रिलीज व्हायच्या आधीच ठेवावं लागतं, एकदा बाहेर आलं की तो दरवाजा बंद. आणि किमान सात दिवस आधी ठेवलं, तर ते तुमच्या फॉलोअरांच्या 'रिलीज रडार'मध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या त्यांच्या खास यादीत, नक्की जातं. तिथे गाण्याबद्दल लिहायला जागा किती? ५०० अक्षरं. पुन्हा तेच, दोन-चार वाक्यांचा मामला.

ज्यांनी सहा महिने खपून मिक्सिंग केलं, ते या ५०० अक्षरांना पाच मिनिटंही देत नाहीत, याचं मला राहून राहून नवल वाटतं. घाई तरी कसली असते? गाणं रात्री पूर्ण झालं, सकाळी वितरकाकडे, म्हणजे गाणं स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, चढवलं, तारीख पुढचा शुक्रवार. अहो, महिनाभर थांबा. गाणं नासत नाही.

मेलचं बाकी शास्त्र फार मोठं नाही. एक लिंक द्यावी, जी लॉगिन न मागता वाजेल. जड फाइल जोडू नये. आणि फाइलला नाव द्यावं! 'फायनल मिक्स तीन नवीन' या नावाच्या किती फाइली माझ्याकडे पडून आहेत, त्याची गणती नाही. त्या कुणाच्या, हे आता सांगता यायचं नाही. एकदा तर मी एका गायिकेचं नाव रेडिओवर चुकीचं उच्चारलं, कारण तिच्याच पत्रात ते दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. तिने रागावून लिहिलं. मी माफी मागितली. पण मनात म्हटलं, बाई, निम्मी चूक तुझी.

आता पैशाचं. पैसे दिले की प्रसिद्धी मिळते का? रेडिओला हा प्रश्न नवा नाही. पैसे घेऊन गाणी वाजवण्याच्या प्रकाराला 'पेओला' म्हणतात. अमेरिकेत १९५९-६०मध्ये त्यावर संसदीय चौकशी गाजली आणि श्रोत्यांना न सांगता असे पैसे घेणं १९६०मध्ये गुन्हा ठरलं. आज त्याचे चुलतभाऊ हिंडत असतात. 'अमुक लाख ऐकवण्या मिळवून देतो' म्हणणारा माणूस भेटला, तर आल्या पावली परतावं. खोट्या ऐकवण्या पकडल्या गेल्या, की वितरक गाणंच काढून टाकतो, आणि फटका कलाकाराला बसतो. गाण्याची शिफारस जास्त व्हावी म्हणून स्पॉटिफायचा 'डिस्कव्हरी मोड' आहे. त्यात आगाऊ पैसे द्यायचे नाहीत, पण शिफारशीतून जे ऐकलं जाईल त्यावर मानधन कमी घ्यायचं. कायद्यात बसतं. माझ्या पोटात नाही बसत.

पण सगळं एका मापाने मोजू नये. सबमिटहब हे ब्लॉगवाल्यांना, प्लेलिस्टवाल्यांना गाणी पाठवायचं संकेतस्थळ २०१५मध्ये सुरू झालं. तिथे थोडे पैसे भरले की समोरच्याला गाणं ऐकावं लागतं आणि ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर बहुधा 'नाही' असतं. तरी मला हे चालतं, कारण पैसे कान उघडण्याचे आहेत, तोंड उघडण्याचे नाहीत. पीआर, म्हणजे प्रसिद्धीचं काम बघणारा माणूस, ठेवायचा असेल, तर त्याला विचारावं : तू माझं गाणं कुणाकुणाला पाठवणार? त्यांची नावं सांग, आणि त्यांनाच का? माझ्याकडे एक पीआर दर आठवड्याला वीस गाणी पाठवायचा, सगळ्यांना एकच मजकूर, फक्त नाव बदललेलं. एकदा नाव बदलायलाच विसरला.

मग खरंच कान देऊन ऐकणारं कुणी उरलंय का? रेडिओवर बसून रेडिओची थोरवी सांगतोय, तेवढं चालवून घ्या. जॉन पील बीबीसी रेडिओ वनवर १९६७पासून २००४मध्ये जाईपर्यंत नवी, अनोळखी गाणी वाजवत राहिले. उत्तर आयर्लंडमधल्या अंडरटोन्स या बॅण्डचं, बेलफास्टच्या एका छोट्या लेबलने काढलेलं गाणं त्यांच्या हाती आलं. १९७८च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी ते वाजवलं, आणि लगेच पुन्हा वाजवलं. लागोपाठ दोनदा. लंडनमध्ये आलेल्या एका अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या मालकाने ते ऐकलं आणि थोड्याच दिवसांत करार झाला. पीलनी केलेली समीक्षा म्हणजे एवढीच : पुन्हा ऐका. बीबीसीनेच २००७मध्ये 'इंट्रोड्यूसिंग' सुरू केलं. ब्रिटनमधल्या कुठल्याही नव्या कलाकाराने गाणं चढवायचं आणि पलीकडे माणूस ते ऐकतो. महाविद्यालयीन केंद्रं, सामुदायिक केंद्रं, एकटा माणूस चालवत असलेली छोटी वार्तापत्रं, सगळीकडे अशी माणसं बसलेली असतात. दोनशे जणांना एकच मेल टाकण्याऐवजी त्यांतल्या दहांना, त्यांचं काहीतरी वाचून-ऐकून, दहा वेगळी पत्रं लिहावीत. आठवड्याने एकदा आठवण करावी. दुसऱ्यांदा करू नये.

हे सगळं मी आजपर्यंत ठामपणे सांगत आलो. पण एक प्रसंग असा आहे, की तिथे मी जरा अडखळतो.

एका तरुण ड्रमवादकाचं पत्र आलं होतं. तीनच ओळी. 'आमच्याकडे मायक्रोफोन एकच होता. खोलीत ड्रम फार मोठ्याने वाजत होते, म्हणून ते बाहेर जिन्यात ठेवले. दुसऱ्या गाण्यात शेजारी वर चढताना ऐकू येतात.' वाचून मी खूश! तेच वाक्य जसंच्या तसं कार्यक्रमात सांगितलं, गाणं वाजवलं. मग आणखी दोघांनी त्यावर लिहिलं. दोघांच्याही लेखात जिना होता, शेजारी होता. एकाने तर शीर्षकातच जिना घातला. मी म्हटलं, बघा, याला म्हणतात पहिलं वाक्य.

महिन्याभराने त्याचा फोन आला. आभार मानले. मग जरा थांबून म्हणाला, "सर, एक विचारू का? जिन्याबद्दल सगळ्यांनी लिहिलं. गाणं कसं वाटलं, ते कुणी बोललंच नाही."

मी म्हटलं, उद्या सांगतो. त्या रात्री दिवे मालवून ते गाणं पुन्हा लावलं. पावलं वाजून गेल्यावर, दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी, तो मुद्दाम अर्धी मात्रा मागे राहतो आणि गाणारी त्याच्यासाठी थांबते. पहिल्या वेळी मी पावलं मोजत बसलो होतो. हे मला ऐकूच आलं नव्हतं.

सकाळी फोन करून त्याला तेवढंच सांगितलं.