फॅटी बोल्जर घरी थांबला, ते कार्डात कसं आणायचं?

हे कार्ड मागच्या रांगेपर्यंत दिसणार नाही, म्हणून वाचूनच दाखवते. नाव फॅटी बोल्जर. विलपॉवर १, अटॅक १, डिफेन्स २, हिट पॉइंट्स, म्हणजे किती घाव सोसेल ते, ३. म्हणजे आकड्यांच्या हिशोबाने लॉर्ड ऑफ द रिंग्ज या कार्ड गेममधल्या सगळ्यात लेच्यापेच्या हिरोंपैकी एक. आणि तरीही, टोल्किनच्या पुस्तकावरून आजवर जी कार्डं निघाली त्यातलं मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेलं कार्ड हेच आहे. ते का, हे सांगायलाच मी आज आलेय.

ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांनाही कदाचित फॅटी पटकन आठवणार नाही. लॉर्ड ऑफ द रिंग्ज १९५४-५५ मध्ये तीन भागांत आलं, आणि त्यात फॅटीच्या वाट्याला मोजून काही पानं आहेत. फ्रोडो सॉरॉनची, म्हणजे पुस्तकातल्या खलनायकाची, अंगठी घेऊन शायर, म्हणजे हॉबिट या बुटक्या लोकांचा मुलुख, सोडून निघतो तेव्हा सॅम, मेरी, पिपिन त्याच्याबरोबर जातात आणि फॅटी म्हणजे फ्रेडेगर मागे राहतो. त्याला जायचंच नसतं. आपला गाव सोडून लांब जाण्याची त्याला मुळात हौसच नाही. पण काम त्याने अंगावर घेतलेलं असतं, फ्रोडोच्या क्रिकहॉलोच्या घरात राहायचं आणि फ्रोडो अजून इथेच आहे असं लोकांना वाटत राहील असं वागायचं, आणि त्यासाठी त्याने फ्रोडोचे जुने कपडेसुद्धा आणून ठेवलेले असतात. मग एका रात्री ब्लॅक रायडर्स, म्हणजे अंगठीच्या मागावरचे सॉरॉनचे घोडेस्वार, खरंच तिथे येतात. दिवसभर त्याच्या छातीवर दडपण असतं, अंधारात झाडाखालून एक काळी सावली सरकताना दिसते, तो दार लावून घेतो, आणि ते आत घुसायच्या आधी मागच्या दाराने बाग ओलांडून शेतातून जीव खाऊन पळत सुटतो. मैलाभर लांबच्या घराच्या पायरीवर कोसळतो आणि ओरडत राहतो, मी नाही, मी नाही, माझ्याकडे नाहीये ती! मग बकलंडचा, म्हणजे त्या भागाचा, धोक्याचा शिंगनाद होतो, जो शंभर वर्षांत वाजलेला नसतो.

आता हा माणूस कार्डात कसा आणायचा? तलवार त्याने उचलली नाही, कुणाला मारलं नाही, तो पळाला.

गेम कोणता ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. फॅन्टसी फ्लाइटचा लॉर्ड ऑफ द रिंग्ज कार्ड गेम, २०११ चा, डिझायनर नेट फ्रेंच. यात आपण एकमेकांविरुद्ध खेळत नाही, सगळे मिळून गेमविरुद्ध खेळतो. प्रत्येकाकडे थ्रेटचा एक डायल असतो, म्हणजे सॉरॉनच्या नजरेत तुम्ही किती भरलात त्याचं माप, आणि तो ५० ला पोचला की तुम्ही बाद. टेबलाच्या मधोमध शत्रू आणि वाटेतली ठिकाणं जमत जातात, त्यांच्या थ्रेटची बेरीज तुमच्या वाटेत आडवी येते, आणि मोहिमेवर पाठवलेल्या लोकांचं विलपॉवर त्या बेरजेपेक्षा जास्त भरलं तर तुम्ही पुढे सरकता. एवढं पुरे.

तर फॅटीच्या कार्डावर लिहिलंय की त्याला आडवं करा, म्हणजे त्या फेरीपुरतं त्याला दुसरं काही करता येणार नाही, मधल्या जागेतला एक शत्रू निवडा, त्या शत्रूचा थ्रेट जितका असेल तितका स्वतःच्या डायलवर वाढवून घ्या, आणि त्या टप्प्यापुरता तो शत्रू मोहिमेच्या बेरजेत मोजायचा नाही.

जरा थांबून बघा काय झालं ते. फॅटीला मोहिमेवर पाठवायचं की घरी ठेवायचं हे तुम्हाला ठरवावं लागतं, कारण तो गेला तर आडवा होणार आणि मग हे काम त्याला करता येणार नाही. म्हणजे तो मागे राहतो. शत्रू त्याच्याकडे वळतो. बाकीचे पुढे निघून जातात, त्यांच्या वाटेतला तेवढा भार कमी झालेला असतो, आणि भीती मात्र जाते कुठे, तर तुमच्या डायलवर. मी जेव्हा पहिल्यांदा हे खेळले आणि हाताने डायल फिरवला, चार घरं वर, तेव्हा मला तो मागच्या दाराने पळणारा फॅटीच दिसला, कार्डावर तो पळतोय असं कुठेही लिहिलेलं नसताना. हे ज्याने लिहिलं त्याने पुस्तकाची ती दोन पानं फार जीव लावून वाचली असणार असं मला वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. छोटं पात्र प्रामाणिकपणे कार्डात आणायचं तर तो कोण होता, कुठल्या कुळातला, दिसायला कसा, किती ताकदीचा हे नंतर बघा, आधी हे शोधा की त्याने पुस्तकात ठरवलं काय आणि त्यासाठी सोडलं काय. आणि मग ते सोडणं खेळणाऱ्याला करायला लावा, त्याच्या खिशातून. मोठ्या पात्रांचं एक बरं असतं, अरागॉर्नला कार्डात काहीही द्या, लोकांना तो आधीच माहीत असतो, ते मनात भर घालून घेतात. छोट्या पात्राला तसा आधार नसतो, त्याच्याकडे एकच प्रसंग असतो, तो हुकला की उरतं फक्त नाव आणि चित्र.

आपल्याकडे सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा बघितल्या असतील कुणी कुणी, दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०, राजा आणि प्रधान आणि बाकी आकडे. हाताने रंगवलेली इतकी देखणी पानं की हातात घेतल्यावर खाली ठेववत नाहीत. पण खेळताना परशुरामाचं पान परशुरामासारखं वागत नाही, तशी त्या खेळाची अपेक्षाही नाही, तिथे देवाचं रूप पानावर आहे आणि खेळ वेगळा आहे. आजच्या या गेम्सनी मात्र वचनच दिलंय की पान त्या माणसासारखं वागेल. मग ते वचन मोडलं की मला खुपतं.

कुठे मोडलं ते सांगते, याच गेममधलं उदाहरण आहे. ग्लोरफिन्डेल, एक एल्फ सरदार. सिनेमात त्याचं काम आर्वेनला दिलं, त्यामुळे बऱ्याच जणांना तो माहीतच नाही. पुस्तकात हा फ्रोडोला रस्त्यात शोधायला येतो, जखमी फ्रोडोला स्वतःच्या घोड्यावर बसवतो, त्याआधी एका पुलावरून तीन रायडर्सना त्याने एकट्याने हाकललेलं असतं. नंतर जादूगार गॅन्डाल्फ फ्रोडोला सांगतो की असे लोक दोन्ही जगांत एकाच वेळी जगतात, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या. म्हणजे शत्रूला तो लखलखीत दिसतो. या गेममध्ये हिरोचा सुरुवातीचा थ्रेट साधारण त्याच्या चार आकड्यांची बेरीज असतो, फॅटीचे १, १, २, ३ म्हणजे ७. पहिल्या बॉक्समधला ग्लोरफिन्डेल १२ चा होता आणि एक रिसोर्स, म्हणजे कार्डं खेळायला लागणारं नाणं, देऊन कुणाचीही एक जखम भरायचा, ते मला पटतं, फ्रोडोचा खांदा त्याने हाताळला होता. मग त्याचं दुसरं कार्ड आलं, आकडे तेच, आणि थ्रेट ५. पाच! मोहिमेवर गेला की थ्रेट एकने वाढतो अशी अट घातलीये, पण ती चुकवायची कार्डं आहेत आणि ती सगळे वापरतात. कार्ड जबरदस्त आहे, कित्येक डेक्स, म्हणजे खेळाडूंनी रचलेले कार्डांचे संच, त्याच्यावर उभे राहिले, माझासुद्धा. पण सॉरॉनच्या नजरेला फॅटी बोल्जर जास्त खुपतो आणि ग्लोरफिन्डेल कमी, हे ज्याला पुस्तक प्यारं आहे त्याला कसं चालेल? तिथे गेम जिंकला आणि माणूस हरला.

थिओड्रेड हे त्याच्या उलट टोक. रोहनच्या राजाचा मुलगा, अरागॉर्न आणि त्याचे सोबती रोहनला पोचायच्या आधीच आयझन नदीच्या उतारावर लढताना मेलेला, जिवंत असा पुस्तकात दिसतच नाही. गेममध्ये तो स्वतः मोहिमेवर जातो आणि सोबत गेलेल्या एका हिरोला एक रिसोर्स देतो. दुसऱ्याच्या ओंजळीत टाकून जाणारा, जो स्वतः शेवटपर्यंत असणार नाही. मला आवडतं ते. बिल हे तट्टू सॅम तुमच्या बाजूला असेल तर फुकट येतं, तेही बरोबरच आहे. थालिन, एलिनॉर, बेरावोर ही पात्रं तर गेमवाल्यांनी स्वतः घडवली, पुस्तकात नाहीतच, त्यातल्या दोघी बायका, आणि पुस्तकात बायका किती कमी आहेत हे बघता मला त्यात काही गैर वाटत नाही.

आता दुसऱ्या गेममधली लोबेलिया. मॅजिक द गॅदरिंगचा टेल्स ऑफ मिडल-अर्थ हा सेट जून २०२३ मध्ये आला. लोबेलिया सॅकव्हिल-बॅगिन्स म्हणजे ती बिल्बोच्या घरावर डोळा ठेवून बसलेली नातेवाईक, जिला बिल्बो जाता जाता चांदीचे चमचे देऊन जातो. तिचं कार्ड असं की समोरच्याचा एखादा क्रीचर, म्हणजे लढणारं पात्र, त्याच टर्नमध्ये मेला की ही मध्येच येऊन टपकते, त्याला स्मशानातून उचलून बाजूला करते आणि त्याच्या ताकदीइतके ट्रेझर टोकन, म्हणजे खर्चायचा खजिना, तुम्हाला मिळतात. माणूस गेला रे गेला की दारात हजर! प्रत्येक घरात अशी एक काकू किंवा आत्या असते, वाचून मला तीच आठवली. ते कार्ड लिहिणाऱ्याला लोबेलिया नक्की भेटलेली आहे.

पण अर्धीच भेटलेली आहे. पुस्तकाच्या शेवटी गुंड शायरमध्ये शिरतात, लोक गपगार बसतात, आणि ही शंभरीला टेकलेली म्हातारी हातातली छत्री घेऊन त्यांच्या अंगावर जाते. तिला लॉकहोल्सच्या तुरुंगात टाकतात. सुटते तेव्हा छत्री तशीच हातात, आणि जमलेले लोक टाळ्या वाजवतात तर तिला रडू येतं कारण आयुष्यात तिचं कुणी कौतुकच केलेलं नसतं. मुलगा मारला गेल्याचं कळल्यावर ती ते घर फ्रोडोला परत देते, आणि मरताना सगळा पैसा बेघर झालेल्यांसाठी ठेवून जाते. हे वाचून माझ्या तर डोळ्यांत पाणी येतं, दरवेळी. आणि बघा, त्याच तुरुंगातून त्याच दिवशी फॅटीलाही बाहेर काढतात, त्याने मधल्या काळात बंडखोरांची टोळी चालवलेली असते, आणि आता तो इतका खंगलेला असतो की त्याला उचलून न्यावं लागतं.

चमचेवाली आणि छत्रीवाली एकाच कार्डात बसत नाहीत. त्या सेटसोबत निघालेल्या कमांडर डेक्समध्ये लोबेलियाचं वेगळं कार्ड आहे, लोबेलिया, डिफेंडर ऑफ बॅग एंड. एका माणसाची दोन कार्डं. माझ्या मते हाच खरा रस्ता आहे, बदललेल्या माणसाला दुसरं कार्ड द्या, एकाच कार्डात सगळं कोंबून त्याचा अर्क घालवू नका.

आता मी स्वतः केलेलं एक सांगते, मग थांबते. बेरेगॉन्ड. गॉन्डोर राज्याची राजधानी मिनास तिरिथ, तिथल्या गढीचा साधा पहारेकरी, पिपिनशी त्याची मैत्री होते. ऐन लढाईत त्याला कळतं की राज्याचा कारभारी डेनेथॉर स्वतःच्या मुलाला, फरामिरला, जिवंत जाळायला निघालाय, तेव्हा तो पहारा सोडतो, जिथे रक्त सांडायला बंदी आहे तिथे आपल्याच माणसांना मारतो, आणि दार अडवून फरामिरला वाचवतो. दोन्ही गुन्ह्यांना मरणाची शिक्षा. अरागॉर्न राजा झाल्यावर त्याला माफ करतो पण म्हणतो, तू हे शहर सोडायचं. बेरेगॉन्डचा चेहरा पांढराफटक पडतो. आणि मग राजा सांगतो की तू फरामिरच्या रक्षकांचा कॅप्टन होऊन त्याच्याबरोबर राहायला जायचं.

या गेममधला पहिला बेरेगॉन्ड डिफेन्स ४ चा आहे, विलपॉवर शून्य, शस्त्रं आणि चिलखतं त्याला दोनने स्वस्त. उत्तम भिंत. पण भिंतीसारखं उभं राहणं ही त्याची नोकरी होती, त्याची गोष्ट सुरू होते ती जागा सोडल्यावर! म्हणून मी घरी एक कार्ड लिहिलं. टेबलावरच्या कुठल्याही खेळाडूचा गॉन्डोरचा हिरो मरणार असेल तर बेरेगॉन्ड त्याला एका हिट पॉइंटवर वाचवू शकतो. आम्ही चौघं रविवारी खेळतो, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की हे फारच सोपंय, प्रत्येक जण डोळे झाकून वापरणार. बरोबरच होतं, त्यात त्याने काहीच सोडलेलं नव्हतं. मग मी दोन ओळी वाढवल्या. एक, त्या क्षणी तो ज्या शत्रूला अडवत होता त्याचा वार तुमच्यावर तसाच पडतो, कुणीही मध्ये येऊ शकत नाही, कारण पहारा रिकामा आहे. दोन, त्यानंतर बेरेगॉन्डचं कार्ड कायमचं त्या वाचलेल्या हिरोच्या मालकाकडे जातं.

पुढच्या रविवारी माझ्या समोरच्या मित्राकडे फरामिर होता, मरायला टेकलेला. बेरेगॉन्ड माझ्याकडे, ढाल चढवलेला, चार फेऱ्या माझा सगळा डाव त्याच्यावर उभा. मी बराच वेळ हात ठेवून बसले. मग वार घेतला, माझा एक हिरो गेला, आणि मी ते कार्ड ढालीसकट टेबलावरून त्याच्याकडे सरकवलं. तो काही बोलला नाही, त्याने ते फरामिरच्या शेजारी नीट लावून ठेवलं.

कार्ड अजून पक्कं नाहीये, दोघंच खेळत असतील तर ते फार महाग पडतं आणि एकट्याने खेळताना तर दुसरी ओळ निरर्थकच होते, त्यावर काम चालू आहे. आणि बेरेगॉन्डचा दहा वर्षांचा मुलगा आहे, बर्गिल, जो पिपिनला शहर दाखवत फिरतो. बाप शहर सोडून जातो तेव्हा त्या पोराच्या कार्डाने टेबलावर काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. कुणाला सुचलं तर चहाच्या वेळी सांगा, कोरी कार्डं आणि पेन्सिली मी आणल्यात.